औषधी मॉइश्चरायझिंग क्रीम: किती लावायचं, कुठे आणि किती दिवस

कोरड्या, खाजणाऱ्या त्वचेसाठी मिळणाऱ्या औषधी क्रीमच्या एकाच ट्यूबमध्ये दोन गोष्टी असतात. एक म्हणजे त्वचेतलं पाणी धरून ठेवणारा स्निग्ध भाग, आणि दुसरी म्हणजे औषध. स्निग्ध भाग सढळ हाताने लावायचा असतो, औषध मोजून. सगळा घोळ होतो तो इथेच. ट्यूबवर ‘मॉइश्चरायझर’ लिहिलेलं दिसलं की कुणी ते दिवसातून पाच वेळा अंगभर फासतं, आणि कुणी ‘औषध आहे’ म्हणून इतकं पुसटसं लावतं की त्वचेला ते पुरतच नाही. म्हणून आपल्या हातातल्या ट्यूबमध्ये नेमकं कोणतं औषध आहे, हे आधी कळायला हवं. बाकीचे सगळे नियम त्यावरून ठरतात.

लेबलवर काय शोधायचं

समोरच्या बाजूचं मोठं नाव सोडून द्या. मागच्या बाजूला बारीक अक्षरात औषधाचं नाव आणि त्यापुढे टक्केवारी असते. १० टक्के म्हणजे १०० ग्रॅम क्रीममध्ये १० ग्रॅम औषध.

युरिया हे नाव सर्वांत जास्त दिसेल. ५ ते १० टक्के युरिया त्वचेत पाणी धरून ठेवतो आणि रोजच्या कोरडेपणाला तेवढा पुरतो. २० टक्क्यांच्या पुढे त्याचं काम बदलतं: तो त्वचेचा वरचा जाड, मेलेला थर सैल करून काढायला लागतो. असं क्रीम टाचांच्या घट्ट कातडीला उपयोगी, पण चेहऱ्याला किंवा मानेला नाही. ४० टक्क्यांचं क्रीम जाड झालेली नखं आणि घट्टे मऊ करण्यासाठी असतं. ते आजूबाजूच्या चांगल्या त्वचेवर पसरू द्यायचं नाही. भेगाळलेल्या किंवा खाजवून सोललेल्या जागी कमी टक्क्यांचा युरियाही चरचरतो.

लॅक्टिक ॲसिड, किंवा त्याचाच क्षार असलेलं १२ टक्के अमोनियम लॅक्टेट, खवले पडलेल्या पोटऱ्या आणि दंडांवरच्या बारीक खरखरीत पुळ्यांना चांगलं लागू पडतं. मात्र अशी आम्लं लावलेली त्वचा उन्हाने लवकर भाजते, त्यामुळे उघड्या भागावर लावलं असेल तर सनस्क्रीन किंवा अंगभर कपडे हवेतच. सॅलिसिलिक ॲसिड जाड खवले सोडवतं, पण ते त्वचेतून रक्तात शिरतं. लहान भागापुरतं लावलं तर काळजी नसते. शरीराच्या मोठ्या भागावर, रोज, वरून पट्टी गुंडाळून लावलं तर कानात गुंजारव, मळमळ, चक्कर आणि धाप अशी लक्षणं दिसू शकतात. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोठ्या भागावर लावू नये.

काही क्रीममध्ये बेंझाल्कोनियम क्लोराइड किंवा क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक असतं. वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या इसबासाठी ते काही काळापुरतं दिलं जातं. जंतू नसताना रोजचं मॉइश्चरायझर म्हणून ते लावण्यात फायदा काही नाही, उलट काख, जांघ, पट्टीखालची जागा अशा झाकलेल्या ठिकाणी त्याने त्वचा लाल होऊन जळजळते.

आणि स्टेरॉइड, म्हणजे लाली, सूज आणि खाज दाबणारं औषध. हायड्रोकॉर्टिसोन, बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी एखादं नाव दिसलं तर हातातलं क्रीम मुख्यतः औषध आहे, मॉइश्चरायझर नंतर. इथे टक्केवारी फसवते. ०.०५ टक्के क्लोबेटासोल हे १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा कितीतरी पटींनी जोरदार असतं. आकडा लहान म्हणजे औषध सौम्य, असा अर्थ दोन वेगळ्या औषधांमध्ये कधीच लावायचा नाही. क्लोबेटासोल मोठ्या माणसातही सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त आणि आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा जास्त वापरत नाहीत. सौम्य हायड्रोकॉर्टिसोन चिठ्ठीशिवाय घेतलं असेल तर आठवड्याभरात फरक न पडल्यास थांबायचं आणि दाखवायला जायचं.

औषधाखेरीज बाकीच्या घटकांवरही नजर टाका. सुगंध, लॅनोलिन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सेटोस्टिअरिल अल्कोहोल आणि क्रीम टिकवण्यासाठी घातलेली रसायनं यांची काहींना ॲलर्जी असते. काही क्रीममध्ये शेंगदाणा तेल असतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांनी ते टाळायचं. सोडियम लॉरिल सल्फेट हा फेस आणणारा घटक धुण्याच्या क्रीममध्ये चालतो, पण लावून तसंच ठेवायच्या क्रीममध्ये तो इसबाच्या त्वचेला, विशेषतः मुलांना, आणखी कोरडं आणि चिडचिडं करतो.

आधी चाचणी

नवं क्रीम थेट दुखऱ्या जागेवर लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे पुरळ नाही अशा ठिकाणी, साधारण तीन सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात सकाळ-संध्याकाळ लावा आणि निदान सात दिवस तीच जागा ठेवा. एकदा लावून तासाभरात काही झालं नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही; ॲलर्जीची पुरळ बहुधा एक ते तीन दिवसांनी उठते, आणि ॲलर्जी नव्याने तयार होत असेल तर त्याहूनही उशिरा.

चरचरणं आणि ॲलर्जी यांत फरक करता आला पाहिजे. लावल्याबरोबर चुणचुणलं आणि पाच-दहा मिनिटांत शमलं, त्वचा लाल राहिली नाही, तर तो युरियाचा किंवा आम्लाचा नेहमीचा परिणाम असतो. दुसऱ्या दिवशी त्या जागी लाली, सूज, बारीक पुरळ आणि वाढती खाज असेल तर ती ॲलर्जी. क्रीम कायमचं बंद करा आणि घटकांची यादी जपून ठेवा, पुढचं क्रीम निवडताना तीच लागते. स्टेरॉइड असलेल्या क्रीमबाबत मात्र ही चाचणी हुकू शकते, कारण स्टेरॉइड स्वतःच लाली दाबून टाकतं. असं क्रीम नीट लावूनही पुरळ हटत नसेल किंवा उलट पसरत असेल तर क्रीमवरच संशय घ्यायला हवा.

लावण्याची पद्धत

आंघोळीचं पाणी कोमट, वेळ दहा मिनिटांच्या आत. अंग घासून पुसू नका, टॉवेलने टिपून घ्या, आणि त्वचा जराशी दमट असतानाच, म्हणजे तीनेक मिनिटांत, मॉइश्चरायझर लावा. त्वचेत शिरलेलं पाणी उडून जायच्या आत त्यावर स्निग्ध थर बसावा, म्हणून ही घाई.

हात धुऊन कोरडे करा. डबी असेल तर बोट घालू नका. लागेल तेवढं क्रीम स्वच्छ चमच्याने एकदाच काढून ताटलीत घ्या आणि झाकण लावून टाका. इसब असलेल्या हातांवर जंतू असतात; बोटाने ते डबीत जातात आणि रोज पुन्हा त्वचेवर येतात. शक्य असेल तिथे पंपाची बाटली किंवा ट्यूब घेतलेली बरी. ट्यूबचं तोंडही त्वचेला टेकवू नका.

क्रीमचे लहान लहान ठिपके त्या भागावर ठेवा आणि केसांच्या वाढीच्या दिशेने, वरून खाली, हलक्या हाताने पसरवा. गोल गोल रगडून ‘मुरवायचं’ नाही. उलट्या दिशेने चोळलं की क्रीम केसांच्या मुळांशी अडकतं आणि तिथे पूसारख्या बारीक पुळ्या येतात. शिवाय रगडण्याच्या उष्णतेने खाज वाढते. पसरवल्यावर त्वचेवर पातळ चकाकी दिसली की झालं; ती दहा मिनिटांत आपोआप मुरते. कपडे त्यानंतर घाला.

हातांवर उपचार नसेल तर लावून झाल्यावर हात पुन्हा धुवा. हे विसरल्यामुळेच टाचेचं क्रीम डोळ्यात जातं.

किती लावायचं

साध्या, औषध नसलेल्या मॉइश्चरायझरला कंजुषी नको. अंगभर कोरडी त्वचा किंवा इसब असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला २५० ते ६०० ग्रॅम लागतं, मुलाला २५० ग्रॅमच्या आसपास. पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवणाऱ्याला ‘क्रीमचा उपयोग होत नाही’ असं वाटणारच.

स्टेरॉइडसारखं औषध मोजायला आपल्याच बोटाचं माप आहे, आणि १९९१ पासून त्वचारोगतज्ज्ञ ते सांगत आले आहेत. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, पेराच्या रेघेपासून बोटाच्या टोकापर्यंत, ट्यूबमधून क्रीमची एक सरळ वळी काढा. ट्यूबचं तोंड पाच मिलिमीटरचं असेल तर ही वळी साधारण अर्धा ग्रॅम भरते, आणि बोटांसकट दोन तळहात झाकतील एवढ्या जागेला ती पुरते. याला आपण एक पेर म्हणू. मोठ्या माणसाला चेहरा आणि मान मिळून अडीच पेरं लागतात. एका हाताला खांद्यापासून मनगटापर्यंत तीन, पंजाच्या दोन्ही बाजूंना मिळून एक. एका पायाला सहा आणि पाऊल वेगळं धरून दोन. छाती-पोटाला सात, पाठ आणि नितंबांना सात.

मुलांसाठीही माप मोठ्या माणसाच्याच बोटावर घ्यायचं, मुलाच्या नव्हे. पेरांची संख्या तेवढी कमी होते. एक-दोन वर्षांच्या मुलाला चेहरा-मानेसाठी दीड, पंजासकट एका हाताला दीड, पावलासकट एका पायाला दोन, पोट-छातीला दोन आणि पाठ-नितंबांना तीन पेरं पुरतात.

या मापावरून हिशेबही तपासता येतो. समजा एका हातावर, खांद्यापासून मनगटापर्यंत, दिवसातून दोनदा लावायला सांगितलंय. तीन पेरं म्हणजे दीड ग्रॅम, दोन वेळा म्हणजे तीन ग्रॅम, म्हणजे तीस ग्रॅमची ट्यूब दहा दिवस जायला हवी. ती चार दिवसांत संपली तर फार लावताय. महिना उलटूनही निम्मी उरली असेल तर औषध पोचतच नाही, आणि डॉक्टरांना ‘गुण नाही’ सांगण्याआधी हे सांगणं गरजेचं आहे, नाहीतर ते अकारण आणखी जोरदार औषध लिहून देतील.

साधं आणि औषधी, दोन्ही असतील तेव्हा

बहुतेकांच्या दृष्टीने सर्वांत सोयीची आणि सुरक्षित मांडणी हीच: अंगभर साधं मॉइश्चरायझर, आणि औषधी क्रीम फक्त बिघडलेल्या चट्ट्यांवर. दोन्हींच्या मध्ये वीस ते तीस मिनिटं जाऊ द्या. एकावर एक लगेच लावली तर औषध पातळ होतं आणि चट्ट्याबाहेर चांगल्या त्वचेवर वाहून जातं. आधी कोणतं, यावर तज्ज्ञांमध्येही एकमत नाही. तुमच्या डॉक्टरांनी जो क्रम सांगितलाय तो ठेवा, मधलं अंतर मात्र चुकवू नका.

दोन क्रीम तळहातावर एकत्र कालवून लावणं, किंवा घट्ट वाटतं म्हणून क्रीममध्ये पाणी अगर तेल मिसळून ठेवणं, हे अजिबात करू नका. पाणी मिसळलं की क्रीम टिकवणारी रसायनं अपुरी पडतात आणि जंतू वाढतात. औषधंही एकमेकांना मारतात: सोरायसिसवरच्या कॅल्सिपोट्रिऑलला सॅलिसिलिक ॲसिड निकामी करून टाकतं. ज्यांना अतिनील किरणांचे उपचार चालू आहेत त्यांनी उपचाराआधी सॅलिसिलिक ॲसिडचं क्रीम लावू नये, कारण ते किरण अडवतं. दिवसा बाहेर पडायचं असेल तर मॉइश्चरायझर आधी, ते मुरल्यावर सनस्क्रीन.

कुठे लावू नये

पापण्या, जांघ, काख आणि गुप्तांगं इथली त्वचा पातळ असते, घडीत झाकलेली असते आणि औषध भराभर शोषते. तळव्यावर चालणारं स्टेरॉइड इथे काही आठवड्यांत त्वचा पातळ करून लाल शिरा आणि कायमचे वळ पाडू शकतं. पापण्यांवर दीर्घकाळ लावलं तर डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. चेहऱ्यावर गोरेपणासाठी किंवा मुरुमांसाठी स्टेरॉइडचं क्रीम लावणं हा तर सर्वांत मोठा अपाय आहे. पहिले काही दिवस चेहरा उजळ आणि नितळ दिसतो, नंतर तोंडाभोवती पुळ्या, लाली, नको तिथे केस, आणि बंद केल्यावर आग होऊन दुपटीने उसळी. अशा चक्रात अडकला असाल तर एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने उतरत्या क्रमाने थांबवा.

कडा उंचावलेले, मधून बरे होत बाहेर पसरणारे गोल चट्टे असतील तर तो नायटा असण्याची शक्यता मोठी. स्टेरॉइडने त्याची खाज दोन दिवसांत थांबते, आणि तेवढ्या काळात बुरशी निर्धास्त पसरते. मग त्याचं रूपही इतकं बदलतं की ओळखणं अवघड जातं. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या इसबासाठी आणलेली ट्यूब आपल्या चट्ट्यावर लावू नये, यामागचं मुख्य कारण हेच.

मधुमेह असेल तर पावलांना आणि टाचांना मॉइश्चरायझर जरूर लावा, पण बोटांच्या बेचक्यांत नाही. तिथे ओल साचून त्वचा पांढरी, लिबलिबीत होते आणि चिरते. उघड्या जखमेवर, चिघळलेल्या भेगेवरही ही क्रीम नाहीत. त्वचेवर चिकटवायची औषधाची पट्टी असेल तर त्या जागी आदल्या रात्रीपासून काहीही लावू नका, पट्टी सुटते. आणि पॅराफिन किंवा तेल असलेली क्रीम लॅटेक्सचे निरोध कमकुवत करतात, गुप्तांगांजवळ लावताना हे लक्षात ठेवायला हवं.

औषधी क्रीम लावून त्यावर प्लॅस्टिकचा कागद किंवा घट्ट पट्टी गुंडाळली की शोषण अनेक पटींनी वाढतं. डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं असेल तरच ते करायचं. बाळाचा डायपर हीसुद्धा अशीच गुंडाळलेली पट्टी आहे, म्हणून डायपरखाली स्टेरॉइड स्वतःच्या मनाने लावू नये. कापूर किंवा मेंथॉल असलेलं क्रीम तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ, छातीवर लावू नये. त्याने श्वास अडखळू शकतो. आई स्तनपान करत असेल तर स्तनांवर लावलेलं औषधी क्रीम पाजण्याआधी पुसून काढावं, आणि स्तनाग्रांवर विचारल्याशिवाय लावूच नये.

आग आणि घसरण

हा धोका फार थोड्यांना ठाऊक असतो. क्रीममधला पॅराफिन आणि इतर स्निग्ध पदार्थ कपड्यांत, चादरीत, पट्ट्यांत मुरत जातात. असं कापड एरवीच्या कापडापेक्षा लवकर पेटतं आणि जोरात जळतं. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१८ साली इशारा दिला तो पॅराफिन नसलेल्या मॉइश्चरायझरनाही लागू केला. कापड धुतलं तरी सगळा अंश निघत नाही. म्हणून भरपूर क्रीम लावणाऱ्याने सिगारेट ओढू नये, गॅससमोर किंवा दिव्याजवळ सैल बाह्यांनी उभं राहू नये, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाची चादर व कपडे वारंवार, शक्य तितक्या गरम पाण्यात धुवावेत.

बाथरूममध्ये क्रीम लावत असाल तर बसून लावा. तळव्यांना सर्वांत शेवटी, आणि लगेच सुती मोजे घाला. वयस्कर माणसांची हाडं मोडतात ती अशाच निसरड्या फरशीवर.

ठेवण

लेबलवर दिलेल्या तापमानाच्या वर, उन्हात, गाडीत ठेवू नका, फ्रीझरमध्येही नाही. मुदतीच्या तारखेबरोबरच उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात ६ किंवा १२ असा आकडा असेल तर तो उघडल्यानंतरच्या महिन्यांचा असतो. उघडलेल्या दिवसाची तारीख पेनाने ट्यूबवरच लिहा. तेल वेगळं झालंय, रवाळ झालंय, वास किंवा रंग बदललाय, तर मुदत असली तरी टाकून द्या. दुसऱ्या डबीत काढून ठेवू नका, नाव हरवलं की नियमही हरवतात. मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. मुलाने गिळलंच तर उलटी करवू नका. तोंड पुसा, ट्यूब हातात घ्या आणि लगेच दवाखाना गाठा. पाळीव प्राण्यांना औषध लावलेली त्वचा चाटू देऊ नका. कॅल्सिपोट्रिऑलसारखी काही औषधं कुत्र्यांना थोड्या प्रमाणातही घातक ठरतात.

कधी थांबायचं

चट्ट्यांवर पिवळसर मधाच्या रंगाची खपली, पू, वाढती ऊब आणि दुखणं, किंवा ताप आला तर जंतुसंसर्ग झालाय असं समजून त्याच दिवशी दाखवा. इसबाच्या जागी अचानक एकसारखे, दुखरे, मध्ये खळगा असलेले फोड उठले तर तो नागिणीच्या जातकुळीतल्या विषाणूचा संसर्ग असू शकतो आणि त्यात काही तासांचा उशीरही महागात पडतो. डोळ्याजवळ असेल तर फारच. ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास लागला, तर थेट तातडीच्या उपचारांना जा.

दोन आठवडे मापाने, नियमाने लावूनही फरक नसेल तर क्रीम बदलत बसण्यापेक्षा निदान तपासून घ्या. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या आणि पुरळ सर्वांत जास्त होती त्या दिवसाचा फोटो सोबत ठेवा. त्या दिवशी सकाळी चट्ट्यावर काहीच लावू नका, म्हणजे डॉक्टरांना खवले, लाली आणि कडा आहेत तशा दिसतील.